आपलं माप आपण सांगावं

सरकारने निर्बंध उठवले ते एका वाक्यात, आणि ते वाक्य मास्तरांच्या दुकानात शिरलं ते त्यांच्या सख्ख्या मुलीच्या आवाजात. "यापुढे नागरिकांनी आपापल्या सारासार विचाराने वागावं, असं आवाहन करण्यात आलं आहे," असं ती रेडिओवर म्हणाली आणि श्वास न घेता हवामानाकडे वळली. मास्तर तेव्हा एका कोटाचं अस्तर कापत होते. त्यांनी कात्री खाली ठेवली. अर्ध्या कापात कात्री खाली ठेवण्याची ही त्यांच्या आयुष्यातली दुसरी वेळ. पहिली वेळ ही मुलगी जन्मली तेव्हाची. म्हणजे दोन्ही वेळा गुन्हेगार एकच.

सारासार विचाराशी मास्तरांचं वैयक्तिक भांडण नव्हतं. पण त्यांनी जन्मभर लोकांच्या कमरा मोजल्या होत्या, आणि कमरा मोजणाऱ्याचा जनतेवर किती विश्वास उरतो हे फक्त त्यालाच विचारावं. चांगले शिकलेसवरलेले, चारचौघांत सत्यवचनी म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ दुकानात यायचे, "चौतीस असेल बघा" म्हणायचे आणि टेप दिसताच श्वास आत ओढायचे. मास्तर टेप धरून नुसते उभे राहत. माणूस श्वास धरून धरून किती वेळ धरणार? शेवटी सत्य बाहेर पडायचंच, आणि ते बहुधा चाळिसाच्या पुढचं असायचं. अशा लोकांवर आता अख्खी साथ सोपवली होती.

"ऐकलंस का रे बाळ?" वरून आवाज आला.

अख्खं गाव ज्यांना मास्तर म्हणायचं, त्यांना बाळ म्हणणारी एकच व्यक्ती उरली होती, आणि ती दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहत होती. साथीच्या आधीच्या हिवाळ्यात अक्कांना न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी तेव्हा त्यांच्या फुफ्फुसांबद्दल जे सांगितलं, त्यातलं मास्तरांना एकच कळलं: कापड विरलंय, जपून वापरा. झालं. साथ आली त्या दिवसापासून मास्तर जिन्याच्या खालच्या पायरीशी उभे राहून बहिणीशी बोलत. वर जायचे नाहीत, तिला खाली येऊ द्यायचे नाहीत. सरकारने दोन हात अंतर सांगितलं होतं. मास्तरांनी ते बेतताना, शिवणीत सोडतात तशी, एक जिना माया ठेवली होती.

"ऐकलं," मास्तर पायरीशी येऊन म्हणाले.

"संपलं म्हणाली पोरगी."

"संपलं नाही म्हणाली. विचाराने वागा म्हणाली."

"मग मी विचार केलाय. रविवारी खाली येते आणि मापं घेते सगळ्यांची."

मास्तरांना हेच भय होतं. रविवारी अक्कांना ऐंशी वर्षं पुरी होत होती, आणि अक्कांचा वाढदिवस म्हणजे या घराचा मापाचा दिवस. वडील अचानक गेले तेव्हा अक्का विशीतल्या. दोन धाकटे भाऊ आणि एक पायमशीन एवढी इस्टेट त्यांच्या पदरात पडली. दरवर्षी आपल्या वाढदिवसाला दोघांना त्या दुकानात उभं करायच्या, माप घ्यायच्या आणि एकाच ताग्यातून दोघांचे कपडे बेतायच्या. भाऊ उंच व्हायचे थांबले आणि रुंद व्हायला लागले, तरी प्रथा थांबली नाही. उलट सुना आल्या, मुलं आली, जावई आला, तशी रांग वाढत गेली. या घरात कुणी कुणाच्या गळ्यात पडत नसे. तसली सवयच नव्हती. फक्त वर्षातून एकदा अक्का टेप घेऊन प्रत्येकाभोवती दोन्ही हात घालायच्या, आकडा ओरडून सांगायच्या आणि मास्तर तो कटिंगच्या टेबलावर खडूने मांडायचे. साथीच्या दोन वर्षांत तेवढंही झालं नव्हतं.

"अक्का, माप घ्यायचं म्हणजे अंगाला हात लागतो."

"मग काय पायाने घेऊ?"

"तुझ्या छातीला सोसायचं नाही."

"माझ्या छातीचं मला सांगू नकोस. ऐंशी वर्षं माझ्याचपाशी आहे ती."

"लस घेतली म्हणून काय लगेच... पुढच्या वर्षी घेऊ ना. थाटात घेऊ."

"पुढच्या वर्षी कोण घेणार?" अक्का म्हणाल्या. रिळातला दोरा संपत आला की जशा सांगायच्या, अगदी तशाच सुरात. दुःख नाही, तक्रार नाही. फक्त माहिती.

मास्तर टेबलाशी परत आले. हो म्हणावं आणि तिला काही झालं, तर? नाही म्हणावं आणि पुढचं वर्ष आलंच नाही, तर? गेली दोन वर्षं असला प्रश्न पडला की ते सरकारचा नियम काढून दाखवत आणि मोकळे होत. आता सरकारनेच हात वर केले होते.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी सगळं तिच्यावर काढलं.

"बाबा, मी ते फक्त वाचलं. ठरवलं नाही."

"वाचताना जरा अडखळायचं तरी! लोकांना शंका आली असती."

"रविवारी किती वाजता येऊ ते सांगा."

"मी कोण सांगणार? सारासार विचाराने या. गर्दी टाळून या." असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि धाकट्या भावालाही तोच निरोप दिला.

पुढचे दिवस मास्तर दुकान अर्धं मिटून काहीतरी ठोकत बसले. शनिवारी त्यांनी बायकोला ते दाखवलं. पडद्याच्या दोन लांब काठ्या होत्या. एकीच्या टोकाला टेपचं एक टोक शिवलेलं, दुसरीच्या टोकाला दुसरं. मोजणाऱ्याने दोन्ही काठ्या धरून लांब उभं राहायचं, समोरच्याभोवती टेपचा फास टाकायचा आणि काठ्या एकमेकींवरून फिरवून तो आवळायचा. अंगाला हात लागायचा प्रश्नच नाही.

बायकोने ते यंत्र वरून खाली पाहिलं. "अहो, हे माप घ्यायला आहे की साप धरायला?"

"दोघांनाही चालेल," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

"उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात याला."

"शेळी वाचते ना पण?"

रविवारी सगळ्यांनी सारासार विचार केला. सकाळी लोक येतील, म्हणून सकाळी नको. संध्याकाळी तर येतीलच, म्हणून तेव्हाही नको. भर दुपारी, लोक जेवून लवंडतात तेव्हा तिथे चिटपाखरू नसेल. हा विचार इतका बिनतोड होता की तो सगळ्यांनाच सुचला. भर दुपारी मास्तरांच्या दुकानाच्या दारात लेक, जावई आणि धाकटा हे एकाच वेळी एकमेकांवर आदळले आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडे, याला काही अक्कल आहे की नाही, अशा नजरेने पाहिलं.

"जावईबापू, तुम्ही हवामानखात्यातले," मास्तर म्हणाले, "तुम्हाला तरी अंदाज यायला हवा होता."

"आमचे अंदाज ढगांचे असतात," जावई नम्रपणे म्हणाले. "ढगांना नातेवाईक नसतात."

मास्तरांनी सगळी दारंखिडक्या सताड उघडल्या, प्रत्येकाला खडूने आखलेल्या चौकोनात उभं केलं, तोंडावरच्या पट्ट्या नाकावर घ्यायला लावल्या. मग अक्का खाली आल्या. दोन वर्षांनी. जिना उतरायला त्यांना वेळ लागला, पण कुणी हात द्यायला पुढे झालं नाही, कारण मास्तर वाटेत काठी आडवी धरून उभे होते. अक्का दाराजवळच्या वाऱ्यातल्या खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी काठ्यांकडे पाहिलं.

"हे काय?"

"माप घ्यायचं साधन," मास्तर म्हणाले. "तू तिथून, माणूस इथे."

अक्कांनी एक काठी उचलून तिचं वजन पाहिलं. मग त्यांनी दोन्ही काठ्या हातात घेतल्या. "बरं. पहिला कोण?"

पहिला अर्थातच धाकटा. धाकटा विमा विकायचा. मरणाची भीती दाखवून पोट भरणाऱ्या या माणसाला स्वतःला कशाचीच भीती वाटत नसे, आणि पोटही चांगलंच भरलं होतं. अक्कांनी फास टाकला. पहिल्यांदा तो त्याच्या मानेत अडकला, दुसऱ्यांदा चष्मा घेऊन परत आला, तिसऱ्यांदा कसाबसा कमरेवर बसला. अक्कांनी काठ्या फिरवून आवळल्या.

"आता किती आहे ते वाच," मास्तर खडू सरसावून म्हणाले.

तेव्हा लक्षात आलं. तीन दिवस खपून मास्तरांनी सगळा विचार केला होता, पण ज्याच्यासाठी टेप असते तेवढंच राहिलं होतं. आकडा धाकट्याच्या पोटावर होता आणि अक्का दोन काठ्या लांब. इतक्या लांबून त्यांना तो दिसणं शक्य नव्हतं. दिसणार होता तो एकट्या धाकट्याला.

धाकट्याने मान खाली घातली. आपल्या पोटाकडे त्याने प्रेमाने पाहिलं. "छत्तीस," तो म्हणाला.

मास्तरांचा खडू टेबलावर टेकलाच नाही.

"छत्तीस?" मास्तर म्हणाले. "साथीच्या आधी एक्केचाळीस होतास!"

"दादा, घरात बसून बसून मी वाळलो."

"वाळलास? तुझ्या सदऱ्याची बटणं बघ! एकेक बटण जिवाच्या करारावर उभं आहे!"

"सरकारचा माझ्यावर विश्वास आहे," धाकटा दुखावल्या स्वरात म्हणाला, "आणि सख्ख्या भावाचा नाही."

"मला सरळ चव्वेचाळीस दिसतायत, काका," लेक आपल्या चौकोनातून वाकून म्हणाली.

"तू बातम्या वाच. आकडे वाचू नकोस."

अक्का हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि मास्तरांचा हात खडूसकट हवेत थिजला. पण तो नुसता हसण्याचा ठसका होता. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून. बाळ, तुझ्या काठ्यांनी माणसं बरोबर मोजली बघ."

"म्हणूनच मी म्हणतो," मास्तर एकदम तापले, "लोकांवर सोडायचं नसतं! स्वतःच्या पोटाबद्दल जो खरं बोलत नाही, तो स्वतःच्या खोकल्याबद्दल बोलेल? बंद करा हे. अक्का, तू वर जा. पुढच्या वर्षी—"

"धाकटी कुठाय?" अक्कांनी मध्येच विचारलं.

तेव्हा कुठे सगळ्यांना धाकटी आठवली. धाकट्याची बायको म्हणजे घरातली नावाजलेली वेंधळी. गॅसवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारायला जाणारी. तिच्याच हातून एका नवरदेवाच्या कोटावर तापलेली इस्त्री राहिली होती, आणि तो बिचारा लग्नभर पाठ भिंतीला लावून उभा होता. सारासार विचाराचा विषय निघाला की मास्तरांच्या डोळ्यासमोर पहिल्यांदा धाकटी येई आणि मग तो कोट.

"ती आलीय," धाकटा जरा चुळबुळत म्हणाला. "पण आत नाही आली."

"म्हणजे?"

सगळ्यांनी बाहेर पाहिलं. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर, चपला दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीशेजारी धाकटी उभी होती. तोंडावर पट्टी, हातात अक्कांसाठी फुलं. सगळे बघतायत हे दिसताच तिने फुलं हलवली.

"अगं, आत ये की!" मास्तरांच्या बायकोने हाक मारली.

"नको वहिनी! सकाळपासून घसा खवखवतोय! काही नसेलही! पण अक्का आहेत आत!"

"तुला कुणी सांगितलं बाहेर थांबायला?" मास्तरांनी ओरडून विचारलं.

"कुणी नाही, भाऊजी! आपलं मलाच वाटलं! यांनाही म्हटलं होतं, एका घरात राहतो आपण, तुम्हीही जाऊ नका! तर म्हणाले, सरकारने सगळं उठवलंय!"

बारा डोळ्यांपैकी दहा धाकट्याकडे वळले. धाकटा अजून टेपच्या फासात उभा होता. अक्कांनी काठ्या सोडल्या नव्हत्या, त्यामुळे त्याला कुठे जाताही येईना. त्याच्यात आणि अक्कांमध्ये बरोबर दोन काठ्यांचं अंतर होतं. मास्तरांनी ते डोळ्यांनी पुन्हा एकदा मोजलं आणि प्रथमच त्या काठ्यांचा त्यांना स्वतःलाच अभिमान वाटला.

"माझं माप घ्यायचं राहू दे यंदा!" धाकटी पलीकडून ओरडली. "की सांगू? घरीच मोजून आलेय मी!"

"सांग, सांग!" अक्का म्हणाल्या.

"कंबर अठ्ठेचाळीस!" धाकटीने सांगितलं. "गेल्या खेपेला बेचाळीस होती! श्वास न ओढता मोजली, अक्का! आरशासमोर!"

टपरीतली हातोडी थांबली. वरच्या गॅलरीतून कुणीतरी कपडे वाळत घालता घालता खाली वाकून पाहिलं. भर रस्त्यात, भर दुपारी, एका बाईने आपल्या कमरेचा आकडा सहा इंचांच्या वाढीसकट जाहीर केला होता.

मास्तर खुर्चीचा आधार घेऊन उभे राहिले. त्यांच्या उभ्या कारकिर्दीत असं झालं नव्हतं. टेप समोर नसताना, कुणी विचारलेलं नसताना, खरा आकडा! न्यायाधीशांनी सांगितला नव्हता. हेडमास्तरांनी सांगितला नव्हता. आणि सांगितला तो इस्त्री विसरणाऱ्या या बाईने. त्यांनी खडू उचलला आणि टेबलावर तिच्या नावाच्या जागी अठ्ठेचाळीस लिहिले. दोनदा खाली रेघ ओढली.

"धाकट्या," अक्का फास सैल करत म्हणाल्या, "जा. बायकोशेजारी उभा राहा."

धाकटा निमूट रस्ता ओलांडून गेला. पलीकडे पोचल्यावर धाकटीने पर्समधून टेप काढली, त्याला गरकन फिरवलं आणि ओरडली, "पंचेचाळीस!" कपडे वाळत घालणाऱ्या बाई हसल्या.

इकडे दुकानात जावईबापूंनी घसा साफ केला. मग आपण घसा साफ केला हे लक्षात येऊन ते दचकले. "म्हणजे, मला काही होत नाहीये," ते म्हणाले. "पण सांगितलेलं बरं. परवा आमच्या साहेबांचा निरोपसमारंभ होता. बंद हॉल. दोनशे माणसं. साहेब लोकप्रिय नव्हते, पण जेवण होतं." आणि आपली खुर्ची उचलून तेही बाहेर निघाले.

"मग मीही त्यांच्याच घरात राहते," लेक म्हणाली. तिनेही खुर्ची उचलली. दारात थांबून म्हणाली, "बाबा, हे आवाहन मी वाचलं ना, तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं."

"आणि मी रोज बाजारात असते," मास्तरांची बायको म्हणाली. "जेवण जिन्यावर ठेवून मी लांबूनच हाक मारते ते काय उगाच? मी चहा करते आणि तिकडेच नेते सगळ्यांना."

बघता बघता दुकान रिकामं झालं. कुणी नियम काढून दाखवला नाही, कुणी काठी आडवी धरली नाही. पलीकडच्या फुटपाथवर खुर्च्यांची रांग लागली, दोन खुर्च्यांमध्ये व्यवस्थित अंतर सोडून. एकजण दुसऱ्याला मोजत होता आणि आकडे रस्ता ओलांडून येत होते. "छाती चाळीस!" "खोटं! एक्केचाळीस!" "आत्या, खांदा सतरा!" मास्तर भराभर लिहीत होते. चपला दुरुस्त करणाऱ्याने, चाललंच आहे तर, आपलंही मोजून घेतलं. मास्तरांनी तेही लिहिलं. चहा आला, फुलांचा गुच्छ कुणीतरी उंबऱ्यावर ठेवून मागे सरलं, रस्त्यापलीकडून अक्कांसाठी सगळे बेसूर गायले आणि एक रिक्षावाला गाणं संपेपर्यंत थांबला.

लिहिता लिहिता मास्तरांनी टेबलावर नजर फिरवली. सगळ्यांचे आकडे आले होते. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले.

"झालं," ते म्हणाले.

"झालं कुठे?" अक्का म्हणाल्या. "तू राहिलास."

"माझं काय मोजायचंय? मी कुठे जातो? दोन वर्षं या दुकानाच्या बाहेर पाऊल नाही माझं, झोपतोही इथेच. गिऱ्हाईक ते फुटपाथवरून, भाजी ती हिच्याकडून, तीही टेबलाच्या पलीकडून..."

बोलता बोलता ते थांबले. सगळ्या घरात, सगळ्या गल्लीत, त्यांच्याइतका कुणाच्याच वाटेला न गेलेला माणूस दुसरा नव्हता. आपण काय बोलून बसलो हे त्यांना कळलं, आणि अक्कांना ते आधीच कळलेलं होतं. त्या खुर्चीतून उठल्या होत्या. काठ्या त्यांनी भिंतीला टेकवल्या होत्या. गळ्यातली जुनी, कडा पिवळ्या पडलेली टेप त्यांनी उतरवली.

"घसा?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे."

"ताप?"

"नाही."

"मग विचार कर. सारासार."

मास्तरांनी विचार केला. बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडचे सगळे चहाचे कप हातात धरून इकडेच बघत होते. धाकटी तर उभीच राहिली होती. मास्तरांनी नाकावरची पट्टी नीट केली, दाराच्या वाऱ्यात येऊन उभे राहिले आणि बाहेरच्या बाजूला तोंड फिरवलं.

"हात वर कर," अक्का म्हणाल्या.

सत्तरी पार केलेल्या मास्तरांनी शाळेतल्या मुलासारखे दोन्ही हात वर केले. अक्कांनी मागून टेप घातली. त्यांचे हात पूर्वीइतके पुरत नव्हते. त्यांना अगदी जवळ यावं लागलं, इतकं की त्यांचं कपाळ भावाच्या पाठीला टेकलं. टेप छातीवरून फिरून आली आणि तिची दोन टोकं पाठीवर, अक्कांच्या डोळ्यांसमोर जुळली. मास्तरांनी श्वास आत ओढला नाही. ओढायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं.

"अडतीस!" अक्का ओरडल्या. मग हळू म्हणाल्या, "दोन इंच उतरलास रे. काळजी करत होतास नुसती."

मास्तरांनी हात खाली घेतले नाहीत.

"झालं की," अक्का म्हणाल्या. "घे हात खाली."

"परत घे."

"का? माझं माप चुकलंय कधी?"

"नाही," मास्तर म्हणाले. "तरी परत घे."